हळद पायाशी कशी ठेवू

माझ्या भाच्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत इंजिन दिसत नाही. आत एक खोलगट डबा आहे, एक मोठं टोपलं कसंबसं बसेल एवढा. इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे, सीटच्या भिंतीपलीकडे आहे. त्याच्याही मागे आणखी एक डबा, तो उथळ आणि लांबट. गाडीत माणसं बसतात दोन. तिसऱ्याला जागा नाही, मांडीवरच्या लेकरालाही नाही.

वैशाखात त्याने हे सगळं मला नीट समजावून सांगितलं होतं आणि मी ऐकलंही होतं. तरी जे व्हायचं ते माझ्याच हातून झालं. कोणाला सांगितलं नाही. पोरीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली आहेत, त्यावर लिहून ठेवते.

आईच्या वर्षश्राद्धाला मी माहेरी गेले होते. माहेर फुलसावंगीजवळ, सासर बोरी अरबच्या अलीकडे. लग्नसराईत एसटीला पाय ठेवायला जागा नसते. जाताना मी दोन गाड्या बदलून उभ्याने गेले आणि त्यानंतर दोन दिवस श्राद्धाचा स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी कंबर अशी धरली की पाटावरून उठताना भिंतीला हात लावावा लागे.

जायचं श्राद्धाला होतं, पण मनात हळद होती. आमच्या माहेरची एक रीत आहे. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत हळदीचा जिवंत गड्डा घालतात, लावला की उगवेल असा. तिने तो सासरच्या अंगणात लावायचा. माझ्या आईने तो तिच्या माहेराहून आणला होता. मी माझ्या लग्नात आणला आणि न्हाणीच्या पाण्यावर लावला. सव्वीस वर्षं ती हळद माझ्याकडे होती. दोन वर्षांमागे पाऊस थांबलाच नाही आणि सगळे कंद जमिनीतच कुजले. तेव्हा मला फार काही वाटलं नाही, माहेरी आहेच म्हटलं. मग आई गेली. यंदा पोरीची सोयरीक जमली. मुलाकडे घराचं बांधकाम चालू आहे, म्हणून लग्न पुढच्या उन्हाळ्यात धरलं. आता लावली तर तोवर हळद निघते. नाही लावली तर पोरीची ओटी बाजारच्या हळकुंडानं भरायची. ते शिजवलेलं असतं, वाळवलेलं असतं, त्याला कधी कोंब येत नाही.

भावाने मला गेल्या गेल्या सांगितलं की यंदापासून हळद बंद. काढायला माणूस मिळत नाही, शिजवायला मिळत नाही, आता सोयाबीन आणि तूर. बेणं त्याने शेजारच्या गावात देऊन टाकलं होतं. माझ्यासाठी म्हणून एक बारदान्याची पिशवी लिंबाच्या झाडाखाली पाल्यात झाकून ठेवली होती, चार-पाच किलोची. शेवटची तेवढीच होती.

भाचा हैदराबादेत नोकरीला असतो. आजीच्या श्राद्धाला तो त्या गाडीतून आला. नवी नाही, कोणाची तरी वापरलेली घेतली म्हणाला. लाल रंगाची, जमिनीला टेकलेली. गावात शिरताना प्रत्येक गतिरोधकावर ती तिरपी करून, पोट सांभाळत चढवावी लागे, गाभण म्हशीला चालवतात तशी. ती दारात लागली आणि गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली. त्याने बॉनेट उघडून दाखवलं, तसे आमचे चुलतकाका काठी टेकत पुढे आले आणि आत वाकून पाहत राहिले.

"बापा, इंजिन काढून घेतलं का कोनं? फसवलं तुले."

भाचा म्हणाला, "मागं हाय आजोबा."

"मंग बैल गाडीच्या मागं जुंपला म्हन."

सगळे हसले. भाचाही हसला. त्याने समजावून सांगितलं की वजन मध्ये असलं की गाडी वळणावर घट्ट बसते. काका म्हणाले, आपल्या रस्त्याला वळण कमी अन् खड्डे जास्त, तिथं कशी बसते ते सांग.

भाच्याला पुढे नागपूरला मित्राच्या लग्नाच्या रिसेप्शनला जायचं होतं. भावाने परस्पर ठरवून टाकलं, की वाटेत थोडा वळसा घालून आत्याला घरी सोडायचं. मला त्या गाडीत बसायची लाज वाटत होती. गावातून निघताना सगळे बघणार, मी त्यात वाकून, जवळपास आडवी होऊन शिरणार. पण कंबर एसटीला नको म्हणत होती. मी हो म्हटलं.

निघायच्या सकाळी त्याने सामान लावलं. मी ओट्यावर बसून पाहत होते. एखादी जुनी बाई उतरंड रचते तसं त्याचं चाललं होतं. कडक पेटी चालत नाही, मऊ बॅगाच लागतात, कोपऱ्यात दाबून बसवता येतात. जड वस्तू खाली. सीटच्या मागे बोटभर फट आहे, तिथे फक्त कोटाचं कव्हर. मोकळं काहीच ठेवायचं नाही, कारण जोरात ब्रेक लागला की पाण्याची बाटलीसुद्धा मानेत येऊन बसते. चहाला थांबलं तर बाहेरून काही दिसता कामा नये. पुढच्या डब्यात त्याने लॅपटॉप ठेवला, लग्नातल्या भेटीचं खोकं ठेवलं आणि उरलेल्या जागेत नवे बूट. मागच्या डब्यात कपड्यांची एक लांब बॅग. मागे कपडेच का, तर त्या डब्याच्या तळाखालून सायलेन्सर जातो आणि तळ तापतो. कपड्यांना काही होत नाही म्हणाला.

मग त्याने माझी पिशवी उचलली.

"आत्या, हे तुह्या पायाजवळ ठेवतो. एसीची हवा तिथंच लागते. साऱ्यात थंड जागा तीच हाय."

मी मान हलवली.

आई अंगणात हळद वाळत घालायची तेव्हा आम्ही पोरी न्हाणीकडे जाताना सगळ्या पसाऱ्याला वळसा घालून जायचो. घाईत कोणी ओलांडली तर आई ओरडत नसे. हातातलं काम टाकून ती आम्हाला परत पाठवायची, आल्या वाटेने माघारी जाऊन वळसा घालून यायला लावायची. हळदीला पाय लावणं आमच्या घरी नव्हतंच. पण ज्या पोराने तासभर राबून सामान लावलं त्याला हे कसं सांगायचं? तो हसला असता तर एक वेळ चाललं असतं. तो हसला नसता, त्याने सगळं सामान पुन्हा उतरवलं असतं, आणि माझ्यापायी त्याला त्रास झाला असता.

वहिनीने माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. हळकुंड घ्यायला ती आत गेली आणि रिकाम्या हाताने बाहेर आली. म्हणाली, "बाई, वाळलेलं एक नाही राह्यलं घरात. सारं इकलं. हे ओलंच घ्या." आणि माझ्याच पिशवीत हात घालून तिने पाच गड्डे काढले, कुंकू लावलं आणि ओटीत टाकले. मी पदराची गाठ मारून ओटी मांडीवर घेतली. भरलेली ओटी सासरच्या देवापुढे उतरवेपर्यंत खाली ठेवायची नसते.

फुलसावंगी सुटली, महागाव मागे पडलं. मी चपला काढून पाय सीटखाली ओढून बसले होते. ती सीट म्हणजे पाळण्यासारखी खोल. मांडी घालता येत नाही, पट्टा छातीवर, मांडीवर ओटी. पिशवी पुढे आणि पाय मागे दुमडलेले. अर्ध्या तासात पोटऱ्यांना मुंग्या आल्या, मग गोळे आले. भाच्याने दोनदा विचारलं, आत्या बरी आहेस ना. मी बरी म्हटलं. तो गाण्यांचा आवाज कमी करून त्याच्या ऑफिसचं काहीबाही सांगत होता. मी हूं म्हणत होते, पण लक्ष माझ्या पायांत होतं.

पुसदच्या अलीकडे बकऱ्यांचा कळप रस्त्यावर आला. त्याने ब्रेक दाबला आणि माझे दोन्ही पाय पुढे गेले, सरळ पिशवीवर. पूर्ण तळवे पडले. मी वाकून हात लावून कपाळाला लावला. त्याला वाटलं, मी घाबरून देवाचं नाव घेते आहे.

पुसदला तो चहाला थांबला. मी गाडीला धरून उभी राहिले, पाय जमिनीला लागत नव्हते. आयुष्यात मी कोणाकडे फारसं काही मागितलेलं नाही, पण तिथे मागितलं.

"पिशवी मागं ठेवू का रे बापा?"

"काहून? पाय अडकून राह्यले का?"

"हो. पाय."

"मागं तापते म्हटलं ना तुले."

"ओलं करून ठेवते. बारदाना ओला असला की काही नाही होत."

माझं म्हणणं मला अगदी खरं वाटत होतं. उन्हाळ्यात आम्ही सगळंच ओल्या पोत्यात ठेवतो. माठाला ओलं पोतं, पालेभाजीला ओलं पोतं, बाजारात न्यायच्या पानांना ओलं पोतं. त्यानेही फार ताणलं नाही. रात्री तो चार तास झोपला होता, डोळे लाल होते. मी हॉटेलच्या नळाखाली पिशवी चिंब केली. त्याने पाहिलं की खाली पाणी गळतं आहे आणि आतलं कारपेट खराब होईल, म्हणून एक जाड प्लॅस्टिक काढून दिलं. आम्ही दोघांनी मिळून पिशवी त्यात चारी बाजूंनी गुंडाळली आणि मागच्या डब्यात बसवली, कोपऱ्यात, हलणार नाही अशी. त्याची कपड्यांची बॅग माझ्या पायाशी आली. त्याच्या इस्त्रीच्या शर्टांवर पाय ठेवून मी पुढचा रस्ता आरामात बसले. एकदा डोळाही लागला.

दिग्रसच्या पुढे पुलाचं काम चालू होतं. एकेरी रस्ता, ट्रकांची रांग. तासभर गाडी जागच्या जागी उभी राहिली. बाहेर ऊन असं की डांबर चमकत होतं. एसीसाठी इंजिन चालूच होतं. पाठीमागे पंखा घुर्र घुर्र करत होता, थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मध्येच मला हळदीचा वास आला. मांडीवरच्या ओटीचाच असेल म्हणून मी गाठ सैल करून आत पाहिलं. गड्डे कोरडे, गार होते. मी गाठ परत बांधली. आणखी काही मनात आलं नाही. दमलेल्या माणसाच्या मनात उशिराच येतं.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आमचे हे आणि पोरगी दारात आले. भाच्याने मागचा डबा उघडला आणि गरम हवा तोंडावर आली.

तो वास मला लहानपणापासून माहीत आहे. वडील खळ्यावर मोठ्या कढईत हळद शिजवायचे. हळदीवर ओली पोती झाकायची, वाफ कोंडायची, खाली जाळ लावायचा. शिजत आली की हाच वास वाऱ्यावर अर्ध्या गावात जायचा. ओलं पोतं, कोंडलेली वाफ, खाली जाळ. पुसदच्या नळापाशी मी तेच केलं होतं. लहानपणी शंभरदा पाहिलेलं, तरी मला कळलं नव्हतं.

भाच्याचा चेहरा उतरला. "आत्या, खराब झालं का?"

"नाही रे, गरम झाली नुसती. सावलीत टाकली की होते बरोबर."

त्याला उशीर झाला होता. पोरीने चहा केला, तो उभ्यानेच प्यायला. सामान पुन्हा लावताना त्याने पुढचा डबा उघडला. नवे बूट तिथे गारव्यात छान होते. मला कशाचाच राग आला नाही. बूट त्याने मुद्दाम पुढे ठेवले नव्हते, आणि हळद मागे ठेव असं मीच म्हटलं होतं. तो वाकून पाया पडला आणि गेला.

मी आत जाऊन ओटी देवापुढे उतरवली आणि अंग टाकलं. उठले तेव्हा यांनी पिशवी ओसरीवर ओतली होती. शिजवताना बघतात तशी झाडूची काडी घेऊन ते एकेक गड्डा टोचून पाहत होते. खालच्या बहुतेकांत काडी आरपार जात होती. वरचे टणक लागत होते.

"शिजली," ते म्हणाले. "आता उन्हात घाल अन् कुटून घे. भाजीपुरती झाली." ही त्यांची थट्टा करायची पद्धत आहे. मग माझ्याकडे पाहिलं आणि काडी खाली ठेवली. त्यांना रीत माहीत आहे. अठ्ठावीस वर्षांमागे माझ्या ओटीतला गड्डा लावायला खड्डा त्यांनीच केला होता.

नरम गड्डे मी खरंच वाळत घातले. टणक होते ते यांनी न्हाणीमागे सरी काढून लावले, एकवीस निघाले. पोरगी म्हणाली, आई, एवढं काय, बाजारात बेणं मिळते. मिळतं, हे मलाही माहीत आहे. तिला आजी आवडायची, पण हळदीचं तिला काही वाटत नाही. तिचं वय तसं नाही.

त्यानंतर रोज पाणी घालायचं आणि पाहायचं. सकाळी भांडी घासायला बसले की आधी तिकडे नजर जायची. दोन आठवडे झाले, तीन झाले. वहिनीचा फोन आला की उगवली का. मी म्हटलं, वेळ आहे अजून. भाच्याचाही एकदा आला. त्यालाही तेच सांगितलं. खोटं बोलायला मला फार कष्ट पडतात. फोन ठेवल्यावर दोन्ही वेळा मी पाणी प्यायले.

मृगाचं नक्षत्र लागलं आणि यांनी सरी उकरली. एकवीसच्या एकवीस आत नासले होते. वरून टणक लागलेले, आतून काळे, बोट लावलं की पाणी सुटायचं. त्यांनी ते फावड्याने उकिरड्यावर नेऊन टाकले. मी थांबवलं नाही. उकिरड्यावर कोणाचा पाय पडत नाही, एवढं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी देवघर पुसायला घेतलं. महिनाभर मी ते धड पुसलं नव्हतं. माहेराहून आल्यापासून अंग चालतच नव्हतं, दिवा लावायचा आणि उठायचं, एवढंच. ओटीतले तांदूळ पोरीने मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी शिजवले होते, नारळ फोडला होता, खण पेटीत ठेवला होता. पितळी ताटलीत पाच गड्डे राहिले होते, कुंकू सुकून काळं पडलेले. वाळलेलं हळकुंड देवाजवळ वर्षभर पडून राहतं, त्याला कोणी हात लावत नाही. हे ओले होते, हे मी विसरून गेले होते. मी त्यांना ओटी म्हणून आणलं होतं आणि पिशवीला बेणं म्हणून. दोन्हींत एकच हळद आहे हे डोक्यात आलंच नाही.

एक पार सुरकुतला होता. चारांचे डोळे फुगले होते. एकाला तर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा कोंब आला होता, देव्हाऱ्यातल्या अंधारात.

मी ताटली घेऊन ओसरीवर आले. हे बाजेवर होते. ताटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाहिलं. काडी मागितली नाही. उठले आणि कुदळ घेतली.

जुनी सरी सोडून त्यांनी पलीकडे नवी जागा केली, निचऱ्याची, थोडी उंच. चार गड्डे लावले. चारही येतील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. आषाढात तीन वर निघाले, गुंडाळलेल्या विडीसारखी पानं. तिघांचा मिळून पुढच्या फाल्गुनात फार तर टोपलंभर पाला आणि ओंजळभर गड्डे निघतील. ओटीत एकच लागतो.

माहेराहून निघाले तेव्हा वहिनीने ते माझ्या पदरात टाकले होते. माझ्या लग्नात आईनेही तसाच एक टाकला होता. चार-पाच किलोची पिशवी कुठे ठेवायची, या विचारात मी सगळा रस्ता घालवला, आणि जे पोहोचायचं ते मांडीवर होतं.

भाच्याचा परवा फोन आला. दिवाळीला येतो म्हणाला, त्याच गाडीने. मग त्याने विचारलं, "आत्या, हळद उगवली का?"

"उगवली," मी म्हटलं. या वेळी पाणी प्यावं लागलं नाही.

आज संध्याकाळी मी न्हाणीमागे दगडावर बसले होते. पोरगी बादली घेऊन आली आणि घाईत सरळ कोंबांवरूनच पाय उचलला.

"ओलांडू नको. वळसा घालून जा."

तिने कपाळाला आठी घातली, पण पाय मागे घेतला आणि भिंतीकडून फिरून गेली. बादलीतलं पाणी तिच्या पायावर हिंदकळलं. मी तिथेच बसून राहिले. स्वयंपाकाची वेळ झाली होती, पण उठवत नव्हतं.